आईच्या डब्यातलं बी

सोमवार, ३० ऑगस्ट २०२१
डोंगरावर, मॅटोल नदीच्या वरच्या अंगाला

इनेझ,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच केरात टाकशील, म्हणून पत्ता वाचनालयातल्या बाईंकडून छापून घेतला. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. चार वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

आम्ही बरे आहोत. वेंडेलचा गुडघा अजून दुखतो, पण तो बसून राहत नाही. जंगलातली आग यंदा लांब आहे, इथे नुसता धूर येतो. गोड पाव मी अजून आईच्याच मापानं करते.

पत्राचं कारण छोटं आहे. आई गेली तेव्हा तिचा बेकिंग पावडरचा लाल डबा तू नेलास. तिच्या गांजाचं जुनं बी त्यात होतं. झऱ्याजवळ मी पवित्र मातेच्या मूर्तीसाठी दगडी कोनाडा केला आहे, तिथे आईची एखादी वस्तू असावी असं फार मनात येतं. डबा पाठवून दे. आतलं बी काढू नकोस, कुणाला दाखवू नकोस, आहे तसा पाठव. टपालखर्च मी देईन.

आणि ज्या कंपनीला तू जमीन विकलीस तिच्याकडून तुला काही पत्र आलं असेल तर घाईनं उत्तर देऊ नकोस. झालं आहे असं की तुझ्या भागात, म्हणजे आता त्यांच्या, बावीस पॉलीहाऊस उभी आहेत, आणि बाविसांतही झाडांनी बी धरलं आहे. कुणाकडचा तरी नर सुटला. आई आपल्याला कशी बजावायची आठवतं ना, मादीला नराचा पराग लागला की फूल भरायचं थांबतं आणि नुसतं बी होतं, मग तो माल दुकानदार फुकटही घेत नाही. नर दिसला की उपटायचा, ही तिची शिस्त.

कंपनीचे कॅल्डवेल म्हणून गृहस्थ आहेत. पांढरी गाडी, इस्त्रीचा शर्ट. फाटकाशी उभं राहून फार गोड बोलले. "टटलबाई, आम्ही कुणावर आरोप करत नाही. पण प्रयोगशाळा आता बियाचा बाप शोधून देते, माणसाचा देते तसा. हा बाप जुन्या डोंगरी जातीचा आहे, कुठल्याच रोपवाटिकेत नाही. इथे जुनं बी कोणकोण राखतं हो?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

ते म्हणाले, "तुमच्या बहिणीलाही आम्ही लिहिलं आहे. जमीन घेताना त्या तुमच्या आईच्या झाडांचं फार कौतुक सांगत होत्या."

म्हणून डबा लवकर पाठव. कोनाड्यासाठी.

ओडेलिया

मंगळवार, ७ सप्टेंबर

इनेझ,

आठवडा झाला. टपालपेटीपर्यंत रोज दोनदा जाते. वेंडेलला वाटतं, मला चालायला डॉक्टरांनी सांगितलं आहे.

कोनाड्याचं जे लिहिलं ते खरं नव्हतं. म्हणजे कोनाडा आहे, पण डबा मला त्यासाठी नको. नर माझा होता.

एवढं लिहून मी उठून दाराची कडी पाहून आले. कडी लावलेलीच होती.

आईचं बी उंदरांनी खाल्लं हे मीच सगळीकडे सांगितलं. परवाने आले, प्रत्येक झाडाला सरकारी निळा बिल्ला आला, प्रत्येक रोप कुठून आणलं त्याचा कागद आला, तेव्हा या विनाकागदाच्या बियाचं कुणाला काय सांगणार? पण मूठभर बी माझ्या जपमाळेच्या डबीत होतं. दरवर्षी चारपाच दाणे लावते, कुंपणाबाहेर, झऱ्यापाशी, बिल्ल्याशिवाय. रोपवाटिकेची रोपं सगळी एका तोंडाची असतात, आणि दर वसंतात ती विकत घ्यायची. आईच्या झाडाला हिरव्या संत्र्याच्या सालीचा वास यायचा. तो वास संपू नये एवढंच मनात होतं. आणि रोपांचे पैसे वाचावेत हेही होतं, ते कशाला लपवू.

जुलैत त्यांतला एक नर निघाला. मी सगळं आईसारखं केलं. एक फांदी ठेवून बाकीच्या छाटल्या, त्या फांदीवर कागदी पिशवी चढवली, तोंड दोऱ्यानं आवळलं. वारा पडलेल्या पहाटे पराग काढायचा, अंगावरचे कपडे झऱ्यात ओले करायचे आणि तसंच निथळत घरी यायचं. मादीच्या एका फांदीला ब्रशनं लावायचा आणि संपलं. आईनं तीस वर्षं केलं, कधी कुणाला त्रास झाला नाही.

फक्त पिशवी. दुकानात त्यासाठी मेणकागदाची नवी पिशवी मिळते, दोन डॉलरला. माझ्याकडे पिठाची मोठी कागदी पिशवी होती, गेल्या वर्षी हीच वापरलेली. शिवण सुटत आली होती म्हणून मी कणकेच्या खळीनं चिकटवली. खळ वाळून खडखडीत झाली होती गं, मी ओढून पाहिलं होतं. पण मग समुद्रावरून धुकं आलं, चार दिवस हललं नाही. माझं लक्ष चर्चमधल्या मिस्सानंतरच्या रविवारच्या जेवणाकडे, तीस माणसांचा पाव होता. पाचव्या दिवशी गेले तर शिवण पुरी उकललेली, पिशवी रिकामी, आणि पवित्र मातेच्या खांद्यावर पिवळी धूळ.

सकाळचा वारा इथून खाली जातो, तुला माहीत आहे. खाली तुझा भाग. पॉलीहाऊसचे पंखे बाहेरची हवा आत ओढतात.

नर मी उपटून जाळला. पवित्र मातेला धुतलं. आमच्या झाडांत बी जवळजवळ नाही, वारा दुसरीकडे होता. आधी मी त्याबद्दल देवाचे आभार मानले. आता मानवत नाहीत.

हे उघड झालं तर परवाना जाईल. या उतारावर बटाटासुद्धा येत नाही, आम्ही दुसरं काय लावणार? आणि कॅल्डवेल फाटकाशी उभेच आहेत. वेंडेलला काही ठाऊक नाही. डबा जाळ, नदीत टाक, काहीही कर, पण त्यांना देऊ नकोस. आईचं बी त्यांच्या हाती लागलं की माझं नाव त्यांना कुणी सांगायला नको.

ओडेलिया

बुधवार, १५ सप्टेंबर
दुःखी मातेचा सण

इनेझ,

काल तपासणी झाली. सरकारी तपासणीस मिस हॉलोवे म्हणून बाई आहेत, तरुण, पायात बूट, बोलणं मोजकं. बरोबर कॅल्डवेल. त्यांचं काय काम होतं ते कुणी विचारलं नाही.

बाईंनी एकेक बिल्ला वाचून यादीशी ताडला. दोन तास. नंतर मी त्यांना ओसरीवर कॉफी आणि पाव दिला. झऱ्याकडे कुणी गेलं नाही. मी मुद्दाम खुर्च्या अशा मांडल्या होत्या की झऱ्याकडे सगळ्यांची पाठ होईल.

हॉलोवेबाईंनी वेंडेलला विचारलं, "या हंगामात तुमच्याकडे नर झाड होतं?"

वेंडेल तसा कुणाला आवाज चढवून बोलत नाही. पण कॅल्डवेलकडे बघून म्हणाला, "बाई, मी सत्तेचाळीस वर्षं या डोंगरावर आहे. गांजा बेकायदा होता, पोलिसांची हेलिकॉप्टरं डोक्यावर होती, तेव्हासुद्धा मी शेजाऱ्याच्या पिकात नर सोडला नाही. आता सरकारला पैसे भरून पिकवतो तर सोडीन? माझ्या बायकोला विचारा. ती रोज माळ जपणारी बाई आहे, खोटं तिच्या तोंडातून निघत नाही."

"मग?" बाई माझ्याकडे वळल्या.

मी म्हटलं, "कॉफी आणखी घ्याल?"

त्यांनी कप पुढे केला. एवढंच. माझ्या हातून थेंबही सांडला नाही, इनेझ. त्याचंच मला भय वाटलं.

कॅल्डवेल पाव खात म्हणाले, "छान आहे हो. दालचिनी?"

वेंडेल म्हणाला, "लिंबाची साल. आणि फुकट आहे, तेव्हा दोन घ्या. तुमच्या कंपनीला फुकटाची सवय आहे म्हणतात."

ते हसले. जाताना माझ्याशी हात मिळवून म्हणाले, "जुन्या जातीचा शोध लागत आला आहे, टटलबाई. तुमच्या मदतीबद्दल आभार."

तीन रविवार मी चर्चमध्ये कम्युनियन घेतलेलं नाही, मनात पाप ठेवून ते घेता येत नाही. वेंडेलला सांगते, पोट बरं नाही. तो मला आल्याचा काढा करून देतो आणि मी तो पिते.

लहानपणी हेलिकॉप्टर आलं की आई आपल्याला पलंगाखाली घालून माळ म्हणायला लावायची. तेव्हाच्या भीतीला आवाज तरी होता. गेलं की गेलं, बाहेर येऊन जेवायचो. आता दुपारी गांधीलमाशीसारखं काहीतरी वर घोंघावतं. वेंडेल म्हणतो, कंपनीचं कॅमेऱ्याचं खेळणं आहे. ते झऱ्यावर थांबतं. मी धुणं वाळत घालायला जाते आणि मान वर करत नाही.

तू माझ्यावर का रागावली आहेस ते मला माहीत आहे. चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत, मी तुला पैशांसाठी आपल्या माणसांना विकणारी जुदास म्हटलं. पण त्याआधीचं मी कुणाला सांगितलेलं नाही. जमीन तू आधी आम्हालाच देऊ केली होतीस. तुझ्या हार्लनच्या ऑपरेशनला पैसे लगेच हवे होते, आणि मी म्हटलं, वसंतापर्यंत थांब, भाव उतरेल. माझ्या वहीत ते आकडे अजून आहेत. तुला थांबणं शक्य नव्हतं. गावात मात्र मी सांगितलं की तू आम्हाला विचारलंसुद्धा नाहीस.

हे डब्यासाठी लिहीत नाही. पण डबा देऊ नकोस.

ओडेलिया

शुक्रवार, २४ सप्टेंबर

इनेझ,

तुझं कार्ड आलं. वाळवंटाचं चित्र, मागे दोन ओळी. "डबा माझ्याजवळ आहे. कुणाला दिलेला नाही. ऑरिनचं काय?"

मी तीन पत्रांत शेजारच्या ऑरिनचं नावही लिहिलेलं नाही. मग तुला कसं कळलं? बहुधा कंपनीच्या पत्रात असेल. मी ते कार्ड एप्रनच्या खिशात घालून दिवसभर काम केलं, आणि संध्याकाळी पाव घेऊन त्याच्याकडे गेले.

आधी जे लपवलं ते सांगते. कॅल्डवेलनी विचारलं की इथे जुनं बी कोण राखतं, तेव्हा मी "मला काय माहीत" म्हटलं नाही. मी म्हटलं, "ऑरिन राखतो. आमचं तर उंदरांनी खाल्लं." माझ्या तोंडून ते इतकं पटकन निघालं की मीच दचकले. त्यांनी लिहून घेतलं नाही, नुसती मान हलवली.

ऑरिनवर नोटीस आहे. बारा ऑक्टोबरला सुनावणी. ऑरिन नर पाळतो, बी राखतो, हे त्यानं कधी लपवलेलं नाही. त्याचे नर यंदा सगळे बिल्ल्यांचे होते आणि जूनमध्येच काढलेले होते, पण ते कोण ऐकतं? त्याचं लवकरचं पीकही माझ्याच नरानं नासलं आणि तेच त्याच्याविरुद्ध पुरावा झालं. कंपनी म्हणते, जमीन लिहून दे, खटला करत नाही. जमिनीत काय आहे? एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा, त्याच्या बायकोची थडग्याची शिळा, आणि उन्हाळ्यात न आटणारा मोठा झरा. खालच्या बावीस पॉलीहाऊसना यंदा पाणी टँकरनं आणावं लागलं. आपल्या झऱ्यावर ते खेळणं का थांबत होतं तेही तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते नर शोधत नव्हते, इनेझ. पाणी मोजत होते.

ऑरिन ओसरीवर बी धरलेली फुलं चोळत बसला होता. दाणे एका ताटलीत, चुरा एका.

"ये गं, भक्तिणी," म्हणाला. "यंदा पक्ष्यांची चंगळ आहे. बघ किती खाऊ!"

मी पाव ठेवला. म्हटलं, "वकील केलास?"

"वकिलाला काय देऊ, दाणे?" मग त्यानं या बियातून उगवलेल्या कोवळ्या रोपाचं एक पान चुरडून माझ्या नाकाशी धरलं. "बी पडलं की फूल वाया जातं म्हणतात. बापाचा वास जात नाही बघ. काय येतो?"

मी मान मागे घेतली.

"हिरवं संत्रं," तो म्हणाला. "एकोणीसशे एक्याऐंशीत तुझ्या आईनं मला दोन दाणे दिले होते, माझ्याकडे तगले नाहीत. तो वास मी विसरेन होय? हे रोप उगवलं त्या दिवसापासून मला माहीत आहे, ओडेलिया."

मी पायरीवर बसले. म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"मला कुणी विचारलं नाही. मला सगळे सांगतायत." तो पाव मोडायला लागला. "आणि तुमच्याकडे परवाना गेला तर वेंडेल कुठे जाईल? गुडघा आहे का त्याला? मी आज ना उद्या मरणारच आहे. लोणी आणलंस?"

लोणी मी आणलं होतं. कागदाच्या पुडीत, अर्धंच. नेहमी अर्धंच नेते.

मी त्याला सांगितलं नाही की नाव मीच दिलं. त्याला तेही माहीत असेल का? मला विचारायचा धीर झाला नाही. घरी आले, पत्र लिहायला बसले, आणि हे लिहीपर्यंत मला कळलं नव्हतं की तुला काय सांगणार आहे. अजूनही कळलेलं नाही. डबा तूर्त तसाच ठेव.

ओडेलिया

रविवार, ३ ऑक्टोबर

इनेझ,

काल वेंडेलला सांगितलं. तो पंप दुरुस्त करत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, पिशवीपासून कॉफीपर्यंत, ऑरिनचं नाव दिल्यापर्यंत. तो बादली उपडी घालून तिच्यावर बसला. हातातला पाना फिरवत राहिला.

मग म्हणाला, "नव्या पिशवीला किती पडतात?"

"दोन डॉलर."

तो हसला. इनेझ, मी त्याला तसं हसताना कधी पाहिलं नाही आणि पुन्हा पाहायचं नाही. हसून झाल्यावर म्हणाला, "मी त्या बाईला सांगितलं की खोटं तुझ्या तोंडातून निघत नाही."

"निघालं नाही," मी म्हटलं. "मी कॉफी विचारली."

"हो. तेच." उठला, पंप चालू केला, पाणी येतंय का पाहिलं. मग पाठमोराच म्हणाला, "ऑरिननं मला या डोंगरावर पहिल्या हिवाळ्यात घरात घेतलं होतं. त्या वेळी मला त्यानं आडनावही विचारलं नव्हतं." आणि आत गेला. रात्री जेवला नाही. सकाळी मात्र मिस्साला माझ्याबरोबर आला आणि बाकावर माझ्या शेजारीच बसला.

मिस्सानंतर मी फादरकडे कबुली दिली. ते म्हणाले, देवानं क्षमा केली आहे. मी विचारलं, ऑरिनच्या जमिनीचं काय? ते म्हणाले, ते तुला ठाऊक आहे.

उद्या मी हॉलोवेबाईंच्या कचेरीत जाते आहे. लिहून ठेवलं आहे, दोन पानं, तारखांसह. पण मला कॅल्डवेल ऐकू येतात, ते काय म्हणतील ते आताच ऐकू येतं. शेजाऱ्याला वाचवायला देवभोळी बाई खोटं बोलते आहे. झाड मी जाळलं, पिशवी जाळली, जपमाळेच्या डबीतलं उरलेलं बी तर पहिल्या आठवड्यातच चुलीत टाकलं. माझ्याजवळ पुरावा म्हणून काहीच ठेवलेलं नाही. एवढं नीट काम मी आयुष्यात केलं नसेल.

पुरावा तुझ्याजवळ आहे.

आधी दोनदा लिहिलं की डबा देऊ नकोस. आता लिहिते, दे. कंपनीला नाही, हॉलोवेबाईंना. त्यांचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत आईचं बी आणि खालच्या पिकाचं बी शेजारी ठेवलं की माझ्या दोन पानांवर कुणी हसणार नाही. सुनावणी बाराला आहे, टपालाला चार दिवस लागतात.

परवाना जाईल. मला भीती वाटते, ती कमी झालेली नाही, उलट आता तिला तारीख आहे. पुढच्या वर्षी या वेळी पत्र लिहायला हा पत्ता असेल की नाही ते माहीत नाही. आईची जात कंपनीच्या कागदांत जाईल, तिच्यावर त्यांचा शिक्का बसेल, दुकानात नाव बदलून विकतील. तेही होईल. मी सगळं धरून पाहिलं आहे, वहीत नव्हे, मनात.

तू हे करशील की नाही ते मी विचारत नाही. त्या पायऱ्यांवर मी तुला जे म्हटलं, ते नाव माझं होतं. एवढं लिहायला मला चार वर्षं लागली आणि एक म्हातारा लागला.

एकच सांगते. डबा नीट बांध. झाकणाला चिकटपट्टी लाव, वरून कोरा कागद घाल आणि नवं खोकं विकत घे. घरातलं जुनं वापरू नकोस. त्याचे पैसे मी देईन.

तुझी,
ओडी